वेशीबाहेरचा फोन

'नंतर आठवण करा' हे बटण ज्याने शोधून काढलं, त्याच्या घरी नक्कीच कुणीतरी नकोसा पाहुणा येत असणार. मी ते बटण संक्रांतीपासून दाबत होते. रोज सकाळी सर्व्हर विचारायचा, 'नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का?' आणि मी चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हाताने त्याला गप्प करायची.

आमचा धंदा होस्टिंगचा. म्हणजे लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर भाडेकरूंसारख्या राहतात. फरक इतकाच की हे भाडेकरू भिंतीत खिळे ठोकत नाहीत. कराडच्या घरात मागच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र, त्याला बारा महिने थंड हवा, आणि त्याच्या शेजारी भर वैशाखात शाल पांघरून बसलेली मी, वृषाली गानू. दोन पतपेढ्या, एक शाळा, काही दवाखाने, एक वधूवर सूचक मंडळ, असा आमचा संसार.

प्रत्येक वेब सर्व्हरवर एक राखणदार सॉफ्टवेअर असतं. कुणी पान मागितलं की त्याच्याशी बोलून कुलूपबंद वाट तयार करायची आणि त्या वाटेने पान पोचवायचं, हे त्याचं काम. आमच्या राखणदाराचं नाव 'वेस'. आमच्याकडे वेस-सात होती आणि दारात वेस-आठ येऊन उभी होती. एरवी या धंद्यात एक अलिखित नियम आहे, चालतंय ना, मग हात लावू नये. पण या वेळी तो नियम पाळून भागणार नव्हतं.

जुन्या कुलपांचं गणित सोपं होतं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकार पाहून त्या दोन संख्या ओळखणं महाकठीण. साध्या संगणकाला त्यासाठी युगं लागली असती. त्या भरवशावर जग बँका चालवत होतं आणि प्रेमपत्रं लिहीत होतं. मग क्वांटम संगणक मोठे झाले. ते किल्ल्या एकेक करून लावत बसत नाहीत. ते त्या आकड्यांच्या आवर्तनात दडलेली लय हुडकतात, आणि लय सापडली की संख्या फुटते. आधी अशी यंत्रं फक्त सरकारांकडे होती. आता ती मंगल कार्यालयासारखी भाड्याने मिळू लागली होती, आणि भाड्याने घेणारे सगळेच काही लग्नाला आलेले नव्हते.

वेस-आठची कुलपं वेगळ्या गणिताची. शेकडो मितींचं एक जाळं कल्पायचं आणि दिलेल्या जागेपासून सगळ्यात जवळची गाठ कुठली ते शोधायचं. त्यात पकडायला लयच नाही, त्यामुळे क्वांटम संगणकही चाचपडतो. अडचण इतकीच, की फार जुन्या फोनना हे कुलूप उघडता येत नाही. आणि वेस-आठ जुनं कुलूप घेतच नाही, कारण घराच्या एका दाराला जुनं कुलूप ठेवलं तर चोर नेमका त्याच दाराने येतो.

मग त्रास कुणाला होणार होता? जवळजवळ कुणालाच नाही. आमच्या सर्व्हरवर येणाऱ्यांमध्ये असा जुना फोन वापरणारा एकच माणूस उरला होता. तो माझा नवरा होता.

बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हेरंब 'चार दिवस जाऊन येतो' म्हणून घरातून निघाला. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाचं चुकलं ते ठरवता आलं असतं. डबा दिला होता मी, गुळपोळीचा. नंतर तक्रार झाली, फोटो छापून आले. त्याचा धाकटा भाऊ विनायक पायाला भिंगरी लावल्यासारखा मठ, आश्रम, हॉस्पिटलं पालथी घालत फिरला. हेरंबने कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग त्या दिवाळीच्या सुमारास सर्व्हरच्या नोंदीत मला त्याचा फोन दिसला.

दोन यंत्रं भेटली की आधी त्यांचे नमस्कार-चमत्कार होतात. फोन म्हणतो, मला अमुक कुलूप येतं, तमुक येतं. सर्व्हर त्यातलं एक निवडतो. फोन ही नावं कुठल्या क्रमाने घेतो यावरून त्याची जातकुळी कळते, जसा बोलण्यावरून माणूस कोल्हापूरचा की नागपूरचा ते कळतं. हेरंबने आपल्या फोनमधलं सगळं सॉफ्टवेअर स्वतः बसवलं होतं. आयतं काही म्हणून त्याला चालायचं नाही. डाळिंबसुद्धा स्वतः सोललेलंच खायचा. फोनच्या त्या यादीत त्याने सगळ्यात वर एक असं कुलूप ठेवलं होतं, जे जगाने केव्हाच टाकून दिलं होतं. हट्ट, दुसरं काय. तशी यादी घेऊन बोलणारा दुसरा फोन पृथ्वीच्या पाठीवर नसणार.

तो यायचा एकाच पानावर. कराड स्टँडवरून सुटणाऱ्या आणि स्टँडवर येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक. हौसेने हेरंबनेच ते पान तयार केलं होतं. पुढे त्याचा पत्ता बदलला, पण हा जुन्याच पत्त्याने यायचा, जो आता कुठेही दिलेला नव्हता आणि त्याच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. तो कुठल्या गावाहून येतो ते मात्र कळायची सोय नव्हती. नव्या कायद्याने सगळ्यांचे पत्ते मधल्या मध्ये झाकले जातात. जवळपास रोज दुपारच्या चहाच्या वेळेला एक ओळ उमटायची, पान पाहिलं गेलं, बस. नवरा कराडला येणाऱ्या गाड्या बघत होता आणि एकाही गाडीत बसत नव्हता.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग येत का नाही? हरवलेल्या माणसाच्या बायकोसाठी लोक हळहळतात, टाकलेल्या बायकोला सल्ले देतात. आणि मी त्याला त्या पानावर कधी काही लिहिलंही नाही. लिहिलं आणि तो यायचाच थांबला तर, ही भीती होती. म्हणून मी एकच केलं. दर आठवड्याला स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत बदललेल्या वेळा विचारायच्या आणि पान अगदी अचूक ठेवायचं.

"ताई, हल्ली हे सगळं फोनवर आपोआप दिसतंय की," खिडकीतला माणूस एकदा म्हणाला. "तुमचं पान बघतंय तरी कोण?"

"आहे एक गिऱ्हाईक," मी म्हटलं.

विनायक वैशाखात साताऱ्याहून आला. येताना नेहमीसारखे कंदी पेढे आणले, नेहमीसारखा मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि थंडी वाजते म्हणून आत आला नाही. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्याचे केस पार पांढरे झाले होते. मला एकदम वाटलं, हेरंब आता असाच दिसत असेल.

"वहिनी, रागावणार नसाल तर बोलतो."

"बोला भावोजी. राग करायला इथे आहे कोण?"

"ज्येष्ठात बारा वर्षं पूर्ण होतील. गुरुजींना विचारलं मी. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पालाशविधी करतात. पळसाची आकृती करून तिला अग्नी द्यायचा, मग पुढचं सगळं रीतसर." तो पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होता. "मी मानतो-बिनतो म्हणून नाही हो. पण दर वर्षी बाबांचं श्राद्ध करताना नावं घेतो ना, तेव्हा अडखळतो. दादाचं नाव घ्यायचं की नाही? जिवंतांत धरायचा की गेलेल्यांत? बारा वर्षं मी प्रत्येक स्टेशनवर माणसांची तोंडं बघत चालतो. मला थांबायचंय आता."

माझ्या जिभेवर आलं होतं, तो आहे, कालच आला होता. पण काय सांगणार होते? की तुम्ही तोंडं बघत फिरत होतात आणि मी इथे चहा पीत त्याच्या हजेऱ्या बघत होते?

"मला थोडा वेळ द्या," मी म्हटलं. बटण दाबायची सवय, ती माणसांच्या बाबतीतही लागलेली.

वेळ फार मिळाला नाही. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर तेजस्विनी थोरात आल्या. त्यांच्या प्रसूतिगृहाची साइट आमच्याकडे, आणि त्या साइटवरून बायकांना आपापले तपासणीचे अहवाल घरी बघता येतात. बाई मुळात हसऱ्या, पण त्या दिवशी बसल्यासुद्धा नाहीत.

"ताई, पलीकडच्या जिल्ह्यात काय झालं ते कळलं का? एका दवाखान्याची वाट फोडली कुणीतरी. अहवाल वाचले ते वाचले, वर बदलून पुढे पाठवले. एका पोरीला चुकीचं औषध गेलं. थोडक्यात वाचली."

"त्यांचा सर्व्हर जुना होता?"

"तुमच्याएवढाच." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "माझ्याकडे पोटुशी बायका येतात. त्या माझ्यावर विश्वास ठेवतात आणि मी तुमच्यावर. तुमचं घोडं कुठे पेंड खातंय ते मला सांगा. जमत नसेल तर तसं म्हणा, मी दुसरीकडे जाते. मनात काही ठेवणार नाही."

"आठवडाभरात होईल," मी म्हटलं.

खरं तर मधला मार्ग होता. माझ्याकडे एक जुना छोटा संगणक पडून होता. त्याच्यावर वेस-सात ठेवायची, त्यावर फक्त ते गाड्यांचं एक पान ठेवायचं आणि तो बाकी सगळ्यांपासून वेगळा तोडून टाकायचा. गाड्यांच्या वेळा चोरून कोण काय करणार? मोठा सर्व्हर सुरक्षित आणि हेरंबची वाटही शाबूत. दोन दिवस बसून मी तो तयार केला. फक्त वायर जोडायची बाकी होती. त्या संगणकावरची धूळ पुसताना मी गाणं गुणगुणत होते, हे माझं मलाच ऐकू आलं आणि लाज वाटली. साठीला टेकलेली बाई, आणि नवऱ्याला चोरून बघता यावं म्हणून दाराला फट ठेवत होते.

वायर जोडण्याआधी मात्र मी ठरवलं, एकदा विचारायचं.

आमच्या धंद्यात सर्व्हरला हात लावण्याआधी सूचना लावायची पद्धत आहे. तिचे शब्दही ठरलेले. त्या जुन्या पत्त्यावर मी तशी सूचना लिहायला बसले. पहिल्यांदा फार मोठं लिहिलं आणि सगळं खोडलं. मग रागाने लिहिलं, तेही खोडलं. शेवटी राहिलं ते असं:

'सर्व्हरच्या नूतनीकरणामुळे यापुढे हे पान जुन्या फोनवर उघडणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. विनू ज्येष्ठात तुझा पालाशविधी करायचा म्हणतोय. तुझं काही म्हणणं असेल तर संपर्काच्या पानावर लिही. वृषाली.'

बारा वर्षांत नवऱ्याशी बोललेली ही पहिली चार वाक्यं, आणि त्यातली दोन सरकारी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तो आला. नोंदीत ओळ उमटली, पान पाहिलं गेलं. आणखी ओळ नाही. मग तेच पान पुन्हा मागितलं गेलं, मग पुन्हा. वाचल्यावर विश्वास बसला नाही की माणूस चष्मा पुसून परत वाचतो, तसं काहीसं चाललं असावं. आणि मग संपर्काचं पान उघडलं गेलं.

संपर्काच्या पानाची एक खोड आहे. भरता भरता वेळ संपू नये म्हणून ते उघडं असेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला कळवत राहतं, की समोरचा अजून बसलेला आहे. त्या ओळी मी मोजल्या नाहीत. एक यायची, मग दुसरी. बसलेला आहे. बसलेला आहे. माझा चहा गार झाला, त्याच्यावर साय धरली. मी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अरे, एक शब्द लिही. 'नको' लिही. 'करा' लिही. शिव्या घाल." बाहेर उन्हं कलली. तो बसलेलाच होता. इतकी वर्षं आम्ही एकाच वेळी इतके जवळ बसलो नव्हतो, मध्ये फक्त एक रिकामी चौकट.

मग ओळी थांबल्या. पान बंद झालं. काही आलं नव्हतं. पुसटसं एक टिंबही नाही.

मी रडले. खूप रडले, अगदी हुंदके देऊन, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं आणि सर्व्हरच्या पंख्याचा आवाज मोठा असतो. त्याला माहीत झालं होतं. आपल्याला जाळणार आहेत हे वाचूनसुद्धा त्याला चालणार होतं. मरण चालत होतं त्याला, फक्त घरी यायला नको होतं.

सकाळी सर्व्हरने विचारलं, 'नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का?' मी 'हो' दाबलं. छोट्या संगणकाची वायर गुंडाळली आणि तो माळ्यावर टाकला.

वेस-आठ बसायला आंघोळ आटोपायला लागतो तेवढाच वेळ लागला. एवढ्यासाठी मी संक्रांतीपासून झुरत होते. पतपेढ्या उघडल्या, शाळा उघडली, वधूवर मंडळात नेहमीसारखी वर्दळ सुरू झाली. डॉक्टर थोरातांनी फोन करून "जीव भांड्यात पडला" म्हटलं. मी विनायकला फोन लावला.

"करून टाका भावोजी."

"तुमच्या मनाची तयारी झाली, वहिनी?"

"झाली."

"मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसलो होतो. तुम्हाला कसं विचारावं कळत नव्हतं," तो म्हणाला.

ज्येष्ठात कृष्णेच्या घाटावर विधी झाला. गुरुजींनी पळसाच्या देठांची माणसासारखी आकृती मांडली होती, डोक्याच्या जागी नारळ. ती हेरंबपेक्षा बुटकी होती. हे माझ्या मनात आलं आणि अशा वेळी हसू येऊ नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला. बघणाऱ्यांना वाटलं, बाई कोसळली. शेजारच्या बाईंनी पाठीवर हात फिरवला. मंगळसूत्राचा प्रश्न आला नाही, ते मी सर्व्हरच्या कपाटात अडकतं म्हणून केव्हाच काढून ठेवलं होतं.

विनायकने अग्नी दिला. पळस ओलसर होता, आधी नुसताच धूर झाला, मग एकदम पेट घेतला. विनायक लहान पोरासारखा रडला, 'दादा, दादा' म्हणत. मी त्याला धरून उभी होते. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की झालं, संपलं. मलाही मोकळं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर आंघोळ केली, विनायकला आणि गुरुजींना निरोप दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. नव्या आवृत्तीत काय कुठे आहे ते अजून हाताला बसलं नव्हतं. चाळता चाळता एक भाग उघडला, जो जुन्या वेशीत नव्हताच. 'परत पाठवलेल्या जोडण्या'. ज्यांच्याकडे नवं कुलूप नाही अशांना वेस-आठ दारातूनच परत पाठवते. पण त्यांनी नमस्कार कसा केला, कुठकुठल्या कुलपांची नावं कुठल्या क्रमाने घेतली, तेवढं टिपून ठेवते.

त्यात एकच फोन होता. सगळ्यात वर ते टाकून दिलेलं कुलूप, मग बाकीची, त्याच हट्टी क्रमाने. नूतनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी आलेला. परत पाठवला. तिसऱ्या दिवशी आलेला. परत पाठवला. त्यानंतर जवळपास रोज. पान उघडणार नाही हे त्याने वाचलं होतं. त्याला काही दिसत नव्हतं, गाड्या नाहीत, सूचना नाही, माझं नाव नाही. तरी तो येत होता. शेवटची ओळ त्याच दिवशीची, चहाच्या वेळेची. आम्ही तेव्हा घाटावर राख थंड व्हायची वाट बघत उभे होतो.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची जाळल्यावरही गेली नाही.

माळ्यावरचा संगणक काढायला किती वेळ लागला असता? मी उठलेही होते. शिडी लावली, दोन पायऱ्या चढले, तेवढ्यात फोन वाजला. विनायक होता, साताऱ्याला पोचला होता.

"वहिनी, जेवलात का काही?"

"जेवते."

"एक सांगू? मघाशी साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो आणि सरळ चालत घरी आलो. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. दादा सुटला, वहिनी. आपणही सुटलो."

शिडीवर उभ्या उभ्या मी डोळे मिटले. त्याला सांगायला हवं होतं. तो त्याचा भाऊ होता, त्याचा हक्क माझ्याइतकाच होता. आणि सांगितलं असतं, तर उद्यापासून हा माणूस पुन्हा प्रत्येक स्टेशनवर तोंडं बघत चालला असता.

"हो, भावोजी," मी म्हटलं. "सुटला. तुम्ही आता झोपा."

मी खाली उतरले आणि शिडी पुन्हा जागेवर ठेवली. आता जगात हेरंब गानू जिवंत असल्याचं दोघांनाच माहीत आहे, एक त्याला आणि एक मला, आणि तो अजून येतो हे मला दिसतं, ते त्याला कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तो आला. वेशीने त्याला परत पाठवलं. मी बघत बसले होते.